खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा सांभाळा

बचत गटाचा हिशोब आता आपण संगणकावरही ठेवतो. सभासदांची यादी हवी असली की 'एक्स्पोर्ट' दाबायचं, फाइल उतरते. ती उघडायची कशी, यावर आज बोलूया. कारण चूक होते ती इथेच.

गेल्या वर्षी कर्जवाटपाची यादी मीच केली. फाइलवर दोनदा क्लिक केलं, ती एक्सेलमध्ये उघडली, सेव्ह करून बँकेत दिली. आठ दिवस झाले तरी एका ताईंच्या खात्यात पैसे नाहीत. पेरणी तोंडावर, बियाणं आणायचं राहिलेलं. पासबुक काढून ताडलं, तर त्यांच्या १६ आकडी क्रमांकातला शेवटचा ७ जाऊन तिथे ० आलेला! बाकीच्यांचे क्रमांक ११ आकडी, म्हणून ते वाचले.

असं का झालं? उतरलेली फाइल बहुधा सीएसव्ही असते. म्हणजे साधा मजकूर, रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेले. ती थेट उघडली की एक्सेल खाते क्रमांकालाही रकमेसारखी संख्या समजतं. संख्येचे पहिले १५ आकडे ते जपतं, पुढे शून्य टाकतं. क्रमांकाच्या सुरुवातीला शून्य असलं तर तेही गळतं.

म्हणून आता मी फाइल ब्राउझरमध्येच उघडते. गूगल शीट्समध्ये नवीन कोरी शीट घ्यायची. 'फाइल' मेनूत 'इंपोर्ट', मग 'अपलोड' करून आपली फाइल निवडायची. चौकट येते, तिथे 'कन्व्हर्ट टेक्स्ट टू नंबर्स, डेट्स अँड फॉर्म्युलाज' असं लिहिलेलं असतं. त्यापुढची खूण काढायची आणि मगच पुढे जायचं. क्रमांक जसाच्या तसा येतो. मराठी नावंही नीट दिसतात.

एक लक्षात ठेवा. अशा शीटमध्ये रकमाही मजकूर म्हणूनच येतात, त्यामुळे बेरीज होत नाही. बेरजेसाठी वेगळी प्रत करा. मूळ फाइलला हात लावू नका.

दुसऱ्याच्या संगणकावर काम केलं असेल, तर उतरलेली फाइल पुसा आणि आपल्या खात्यातून बाहेर पडा. त्यात सगळ्यांचे खाते क्रमांक असतात.

आणि यादी बँकेत देण्याआधी दोघीजणी बसा. एकीने पासबुकातला क्रमांक मोठ्याने वाचायचा, दुसरीने यादीत बघायचा. अर्धा तास जाईल, पण कुणाची पेरणी खोळंबणार नाही.