टंचाईचे भय

भयप्रद व्हिडिओ गेमविषयी एक समज दृढ झालेला दिसतो. राक्षस जितका विद्रूप आणि रक्ताचा सडा जितका मोठा, तितकी भीती अधिक, असा तो समज. काळोखातून किंकाळी फोडत काही अंगावर आले तर कोणीही दचकेल. परंतु दचकणे म्हणजे भिणे नव्हे. तीच किंकाळी तिसऱ्यांदा ऐकताना दचकाही उरत नाही. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम इतक्या झटपट सिद्ध होताना क्वचितच दिसतो.

खऱ्या भीतीचे मूळ टंचाईत आहे. 'कॅपकॉम' या जपानी कंपनीने १९९६ साली शिंजी मिकामी यांच्या दिग्दर्शनाखाली काढलेला 'रेसिडेंट ईव्हिल' हा खेळ याचे उत्तम उदाहरण होय. अरण्यातील वाड्यात अडकलेल्या ख्रिसला जवळ केवळ सहा वस्तू बाळगता येतात, जिलला आठ. काडतुसे मोजकी. इतकेच काय, झालेली वाटचाल नोंदवून ठेवावयाची तर टंकलेखन यंत्र गाठावे लागते आणि त्याला लागणाऱ्या शाईच्या फितीही मोजक्याच. अरुंद बोळात समोर आलेल्या चालत्या प्रेतावर गोळ्या खर्चाव्यात, की त्याला हुलकावणी द्यावी? फीत आता वापरावी, की पुढच्या संकटासाठी राखावी? महिनाअखेरीस घर चालविणाऱ्या गृहिणीस हा हिशेब नवा वाटणार नाही. २००२ च्या नव्या आवृत्तीत तर पाडलेले प्रेत जाळले नाही किंवा त्याचे मस्तक उडविले नाही, तर ते पुढे अधिक चपळ आणि हिंस्र होऊन उठते. जाळण्याचे रॉकेलही बेताचेच. आजची काटकसर उद्या व्याजासकट वसूल होते ती अशी.

हाती असलेले गमावण्याचे दुःख तेवढेच मिळविण्याच्या आनंदाहून मोठे असते, असे डॅनिएल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडले. चित्रपटाचा प्रेक्षक केवळ साक्षीदार असतो. त्याचे काहीच जात नाही. खेळाडूची मात्र तासाभराची मेहनत पणाला लागलेली असते, आणि निर्णयही त्याचाच असतो.

टंचाई वस्तूंची तशी माहितीचीही असते. मोजता येणारी जोखीम निराळी आणि मोजता न येणारी अनिश्चितता निराळी, हा भेद फ्रँक नाइट यांनी १९२१ सालीच केला होता. १९९९ च्या 'सायलेंट हिल'मध्ये यंत्राची मर्यादित शक्ती झाकण्यास धुके वापरले गेले. मौज अशी की तेच धुके खेळाचे सामर्थ्य ठरले. खिशातला रेडिओ खरखरू लागतो, म्हणजे कोणीतरी जवळ आहे. कोठे आहे, हे तो सांगत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! २०१४ च्या 'एलियन: आयसोलेशन' या ब्रिटिश खेळात परग्रहावरील श्वापद मारताच येत नाही. त्याचा ठाव दाखविणारे यंत्र हाती असते, परंतु श्वापद जवळ असता त्याचाच आवाज घात करतो. माहिती मिळते, पण तिची किंमत मोजून.

अर्थात, टंचाईचाही अतिरेक होतो. एकच दालन दहाव्यांदा ओलांडणाऱ्याला भीती वाटत नाही, वैताग येतो. पण व्यवसायाचा ओढा बहुधा उलट दिशेचा. ग्राहकाची अडवणूक नको, त्याच्या हाती मुबलक शस्त्रे द्यावीत, म्हणजे खप वाढेल, हा विचार विक्रेत्याला साहजिकच मोह घालतो. 'रेसिडेंट ईव्हिल'चा २००९ चा पाचवा आणि २०१२ चा सहावा भाग असाच गोळीबाराकडे झुकला. काडतुसांची चणचण संपली, तशी दाराआड काय असेल ही धास्तीही गेली. २०१७ साली सातव्या भागात कंपनीला पुन्हा एका कोंदट घरात परतावे लागले. बायको शोधत तेथे आलेल्या नायकाच्या हाती प्रारंभी कुऱ्हाडदेखील नसते.