क्षयरोगाच्या गोळ्या आणि घरची साथ

साध्या क्षयरोगाचे औषध सहसा ६ महिने घ्यावे लागते. महिना-दीड महिन्यात खोकला थांबतो, भूक लागते आणि रुग्ण गोळ्यांचा कंटाळा करू लागतो. याच टप्प्यावर जोडीदाराने रोज केलेली आठवण कामी येते.

काही घरांत मात्र आजारी सुनेला माहेरी धाडतात, तिची ताट-वाटी वेगळी करतात. फुफ्फुसाचा क्षय भांड्यांतून नव्हे, खोकल्यातून हवेवाटे पसरतो. औषधे नियमित सुरू झाल्यावर काही आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच घटतो. अशा पाठवापाठवीत उपचार अर्धवट सुटले, तर जंतू औषधांना दाद देईनासे होतात आणि तोच चिवट आजार चाळीत, वस्तीत पोहोचतो.

सरकारी क्षयरोग कार्यक्रमात गोळ्यांवर देखरेखीची जबाबदारी घरच्या माणसालाही घेता येते. नवऱ्याने ती नेटाने घेतली, तर बायकोबरोबर शेजारचे मूलही सुरक्षित राहते.