स्टीफन कुक: अवघड प्रश्नांचं एक कूळ

आज बोलूया स्टीफन कुक यांच्याबद्दल. १९७० मध्ये बर्कली विद्यापीठाने त्यांना कायम केलं नाही, म्हणून ते टोरंटोला गेले. १९७१ मध्ये त्यांचा गाजलेला पेपर आला.

सुडोकू सोडवताना घाम फुटतो, पण सुटलेला तपासणं सोपं. असे तपासायला सोपे असलेले सगळे प्रश्न एकाच कोड्यात बदलता येतात, हे कुकनी सिद्ध केलं. कोडं असं: हो-नाहीच्या या सगळ्या अटी एकदम पाळता येतील का? त्याला झटपट रीत सापडली, तर सगळ्यांनाच सापडली! ती अजून सापडलेली नाही.

पुढच्याच वर्षी रिचर्ड कार्पनी, तेही बर्कलीतूनच, तितकेच अवघड २१ प्रश्न दाखवले.

म्हणून वेळापत्रकाचा कोड अडला की मी आधी बघतो: प्रश्न याच कुळातला आहे का? असेल, तर अचूक उत्तराचा हट्ट सोडायचा आणि चालण्याजोगं शोधायचं.