खावटी : पोटाचा महिना आणि दप्तराचा महिना

‘खावटी’ हा शब्द सरकारने घडवलेला नाही. तो आपल्या माणसांच्या उपाशी पावसाळ्यातून आलेला आहे. घरातले भात संपलेले, नवे अजून शेतात उभे. मधले दोन-तीन महिने खायचे काय? तर मालकाच्या किंवा सावकाराच्या दारातून धान्य आणायचे आणि पीक निघाले की वाढीव फेडायचे. फेडता आले नाही तर अंग गहाण टाकायचे. जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नाच्या कर्जापायी नवराबायको मालकाकडे राबत, त्यांना लग्नगडी म्हणत. १९३०च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या अहवालात ही पद्धत नोंदवली. १९४५ साली उंबरगाव-डहाणूकडच्या वारल्यांनी तिच्याविरुद्ध बंड केले. लग्नगडी गेला, पण त्याला जन्म देणारी उपासमार गेली का, हा माझा प्रश्न आहे.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या वाड्यांवर मी बरीच वर्षे हिंडतो आहे. इथे कातकरी, ठाकूर, महादेव कोळी आहेत आणि त्यांच्या शेजारी, गावाच्या कडेला, भूमिहीन बौद्ध आहेत. शेती एका पावसाची. आषाढात आवणी आटोपली की मजुरी थांबते. कापणीला अश्विन उजाडतो. मधला श्रावण-भाद्रपद हा पोटाचा महिना. वीटभट्टीच्या मुकादमाला हे कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा चांगले कळते. तो नेमका याच दिवसांत वाडीवर येतो आणि उचल देतो. तो अर्ज मागत नाही, दाखला मागत नाही. दिवाळी झाली की सगळे कुटुंब भिवंडी-कल्याणकडच्या भट्टीवर जाते. विटांचा दर हजारावर. बाजाराच्या दिवशी हातावर खर्ची. हिशोब उन्हाळ्याच्या शेवटी. हिशोबात अंगावर काही उरले तर पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ सालचा आहे. उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जाण्याची मोकळीक नसेल, तर त्या कायद्याच्या दृष्टीने ती वेठबिगारीच होय.

याच १९७६ साली महाराष्ट्राने आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्यासाठी कायदा केला. आदिवासीचा माल खासगी व्यापाऱ्याने घेऊ नये, तो एकाधिकार खरेदीत यावा, असा त्याचा रोख होता. पण व्यापारी आणि सावकार हा बहुधा एकच माणूस. त्याला दारातून हाकलले तर पावसाळ्यात धान्य देणार कोण? म्हणून १९७८ पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत सरकारी खावटी कर्ज सुरू झाले. निम्मे रोख, निम्मे वस्तूंच्या रूपात. विचार योग्य होता. परंतु ते कर्ज होते. एकाच पावसाच्या शेतीवर जगणाऱ्याला ते फेडणे जमेना. थकबाकी साचत गेली आणि २०१३ नंतर योजनाच बंद पडली. सावकार हटला नव्हताच. सरकार मात्र हटले.

२०२० साली टाळेबंदीत कामे बुडाली, तेव्हा सरकारला खावटीची पुन्हा आठवण झाली. त्या सप्टेंबरमध्ये निर्णय झाला : एका वर्षापुरते, कर्ज नव्हे तर पूर्ण अनुदान, कुटुंबाला चार हजार रुपये. दोन हजार खात्यावर, दोन हजारांच्या डाळी, कडधान्ये, तेल, साखर, मीठ, मिरची, चहा. राज्यभरातली ११ लाख ५५ हजार कुटुंबे, ४८६ कोटी रुपये. कातकऱ्यांसारख्या आदिम जमाती, रोजगार हमीवरचे मजूर, वनहक्कधारक, विधवा, परित्यक्ता, भूमिहीन अशा सगळ्यांची नावे त्यात धरली होती. कर्जाचे अनुदान झाले, हे मोठे पाऊल होते, यात शंका नाही. पण याद्या, पडताळणी, बँकखाती, खरेदी या वाटेने जाता जाता पुढचा पावसाळा आला. मी ज्या वाडीवर होतो तिथे एक म्हातारी आजी मला म्हणाली, “बाबा, भूक गेल्या वर्षाची होती.” दप्तराचा महिना आणि पोटाचा महिना यांची गाठ पडली नाही. मधल्या काळात मुकादम येऊन गेला होता.

रेशन आहे, हे मी विसरलेलो नाही. अंत्योदयात कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, इतर पात्र घरांत माणशी पाच किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. आदिम जमातींना अंत्योदय कार्ड द्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००३ सालचा आहे. परंतु तेल, मीठ, औषध, एसटीचे भाडे, पोराची वही हे कार्डावर मिळत नाही. उचल घेतली जाते ती यांच्यासाठी.

काही मित्र म्हणतात, हा आदिवासींचा प्रश्न. दलित चळवळीने त्यात का पडावे? त्यांना मी ग्रामपंचायतीचे दप्तर उघडायला सांगतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करायचे असतात, जिल्हा परिषदेने २० टक्के. हा पैसा बौद्धवाडीचा आहे, तसाच कातकरवाडीचाही. एका ग्रामसभेत मी त्याचा हिशोब मागितला. मार्चमध्ये बसवलेले दोन दिवे आणि एक अर्धवट गटार मला दाखवण्यात आले. रक्कम लहान असते, हे खरे. समजा, पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न दोन लाख. १५ टक्के म्हणजे तीस हजार. साठ घरे धरली तर घरामागे पाचशे. एवढ्याने उचल सुटणार नाही. पण ज्या दहा घरांत म्हातारी एकटी आहे, कर्ता आजारी आहे, त्यांना श्रावणात तीन-तीन हजार मिळाले तर त्या दहा घरांपुरता मुकादम हात हलवत परत जाईल.

बाबासाहेबांनी १९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतींच्या विधेयकाला हरकत घेतली, ती याच अनुभवावरून. आपल्या प्रतिनिधींना हक्काची जागा नसलेली पंचायत म्हणजे गावातल्या सवर्णांच्या हाती दिलेली आणखी एक काठी, हे त्यांना दिसत होते. आज राखीव जागा आहेत. सदस्य आपले आहेत. पण अंदाजपत्रक कोण लिहितो?

आता कायद्याची एक बाजू लक्षात घ्यावी. शहापूर तालुका सबंध अनुसूचित क्षेत्रात आहे. मुरबाडची मात्र काही गावेच. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला, आदिवासींना कर्ज देण्याच्या व्यवहारावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार मान्य केला आहे. महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये आले. उचल ही सावकारीच आहे, हे ग्रामसभेत ठरावाने मांडले पाहिजे. क्षेत्राबाहेरच्या गावांत हा आधार नाही. तिथे १५ टक्क्यांचा हिशोब आणि वेठबिगारीचा कायदा ही दोनच हत्यारे.

आणि तारीख पाहा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला वाडी भट्टीवर असते. १ मेला बरीच घरे परतलेली नसतात. २ ऑक्टोबरपर्यंत उचलीचे आकडे ठरू लागतात. उरते १५ ऑगस्ट. त्या दिवशी आपली माणसे घरी असतात, आणि चुली थंड असतात. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी त्याआधी दोन कागद तयार ठेवावेत : घरटी उचलीची यादी आणि १५ टक्क्यांच्या खर्चाचा उतारा. झेंडावंदन झाले की ते दोन्ही ग्रामसभेपुढे मोठ्याने वाचावेत. खावटी कुणाच्या दारातून आणायची नाही, हा हक्क म्हणून तिथेच मागायचा. मुकादम त्यानंतर येतो.