नंबर काढला म्हणजे डोळे तपासले?

शिरढोण हे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. मुंबई-गोवा महामार्गावर, पनवेलहून कर्नाळ्याकडे जाताना लागतं. पनवेलात डोळ्यांची चांगली रुग्णालयं आहेत आणि तिथवर रिक्षा, एसटी मिळते. तेव्हा इथल्या मधुमेह असलेल्या माणसाचे डोळे तपासायचे राहून जातात ते अंतरामुळे नव्हे, ‘मला नीट दिसतंय की!’ या एका वाक्यामुळे.

नीट दिसत असेलही. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की डोळ्याच्या पडद्यातल्या केसासारख्या रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. त्यांना बारीक फुगे येतात, रक्ताचे ठिपके पडतात, पाणी झिरपतं. काही वाहिन्या बुजतात आणि तिथला पडदा उपाशी राहतो. उपाशी पडदा एक रसायन सोडून नव्या वाहिन्या मागवतो, पण त्या कच्च्या निघतात, फुटतात आणि डोळ्यात रक्त भरतं. पुढे त्यांच्यासोबत आलेला व्रण आकसतो नि पडदा ओढून सोडवतो. यातला बराच काळ माणूस शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचतो, कारण वाचायला लागतो तो फक्त पडद्याचा मधला ठिपका. त्या ठिपक्याला सूज आली तर मात्र नजर लवकर घसरते, आणि ही सूज कुठल्याही टप्प्यावर येऊ शकते.

म्हणून चष्म्याच्या दुकानात नंबर काढणं ही या आजाराची तपासणी नव्हे. बाहुली मोठी करणारे थेंब घालून डॉक्टरांनी पडदा बघायला हवा, किंवा कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढायला हवा. नेहमीच्या, म्हणजे टाइप २ मधुमेहात ही तपासणी निदान झाल्याबरोबर करायची, कारण साखर त्याआधी किती वर्षं वाढलेली होती हे कुणालाच ठाऊक नसतं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी १२.५ टक्के जणांच्या पडद्यावर हा आजार आढळला आणि ४ टक्के जणांची नजर धोक्यात होती.

पडदा स्वच्छ निघाला तर साधारण वर्षाने पुन्हा तपासणी. फुगे-ठिपके दिसले तर सहा महिन्यांनी, कधी त्याआधीही. तीव्र टप्पा ओळखायला डॉक्टर पडद्याचे चार भाग कल्पितात. चारही भागांत भरपूर रक्तस्राव, दोन भागांत मण्यांच्या माळेसारख्या शिरा किंवा एका भागात वेड्यावाकड्या वाहिन्या, यातलं एक जरी सापडलं तरी पुढची तारीख दोन-तीन महिन्यांच्या पलीकडे जाऊ द्यायची नाही.

‘इन्सुलिन सुरू केलं आणि डोळे गेले,’ असंही ऐकू येतं. इन्सुलिन बहुधा आजार जुना झाल्यावर सुरू होतं आणि डोळ्यांचं दुखणंही तेव्हाच वर येतं, म्हणून दोष त्याच्या माथी. फार वाढलेली साखर झपाट्याने उतरली तर पडदा काही काळ बिघडू शकतो, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे आधी डोळे तपासणं, इन्सुलिन टाळणं नव्हे. टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांवरच्या १९९३ सालच्या अमेरिकी अभ्यासात साखर काटेकोर ताब्यात ठेवल्याने पडद्याचा आजार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला होता. रक्तदाबही तितकाच सांभाळावा लागतो.

या आजारावरच्या उपचारांत सगळ्यात बदनाम झाला तो लेसर. ‘केला, तरी काही वाढून दिसेना.’ दिसणारच नाही. हा नंबर घालवणारा लेसर नव्हे. कडेच्या उपाशी पडद्यावर तो बारीक डाग देतो, तिथली मागणी कमी होते आणि कच्च्या वाहिन्या सुकतात. १९७० च्या दशकातल्या अभ्यासाने दाखवलं की नजर जवळजवळ पूर्ण जाण्याचा धोका यामुळे निम्म्याहून कमी होतो. बदल्यात कडेचं आणि अंधारातलं दिसणं थोडं घटू शकतं. हा सौदा रुग्णाला आधी समजावून सांगितला जात नाही, ही माझी तक्रार आहे.

डोळ्यात इंजेक्शन म्हटलं की अंगावर काटा येतो. प्रत्यक्षात बधिर करणारे थेंब घालून, पांढऱ्या भागातून, काही सेकंदांत ते दिलं जातं. मधल्या ठिपक्याच्या सुजेवर आज तोच मुख्य उपाय आहे. खरी अडचण सुईची नाही, फेऱ्यांची आहे. सुरुवातीला बहुधा दर महिन्याला जावं लागतं. भातलावणी आली, गणपती आले की दोन तारखा हुकतात. कच्च्या वाहिन्यांवर नुसती इंजेक्शनं घेऊन मधेच थांबलं तर त्या पुन्हा उसळतात. ज्याला नियमाने येणं जमणार नाही, त्याने ते डॉक्टरांना आधीच सांगावं. अशा माणसाला लेसर अधिक भरवशाचा.

आणि तपासणीला एकट्याने मोटारसायकलवर जाऊ नये. थेंबांचा अंमल काही तास राहतो, उजेड डोळ्यांत घुसतो आणि परतीचा रस्ता महामार्गाचा आहे.