तेलाच्या पापुद्र्यावर

मारुती ८०० च्या इंजिनातला पिस्टन एका वेळी फक्त ७२ मिलिमीटर सरकतो, म्हणजे जेमतेम चार बोटं. वर गेला की खाली, खाली आला की वर. गाडी सरासरी तासाला ३० किलोमीटर वेगाने चालली आणि इंजिनाने मिनिटाला सरासरी २,००० फेरे घेतले असं धरून हिशेब मांडू. एक लाख किलोमीटर होईपर्यंत क्रँकशाफ्ट ४० कोटी वेळा फिरलेला असतो. त्या चार बोटांच्या जागेत येरझारा घालून प्रत्येक पिस्टन ५७,६०० किलोमीटर चाललेला असतो. विषुववृत्तावरून पृथ्वीची एक प्रदक्षिणा साधारण ४०,००० किलोमीटरची. आणि हे सगळं धातूवर धातू घासत, डोक्याशी आग पेटलेली असताना. तरीही दीड लाखाचा काटा ओलांडलेल्या गाडीचा मालक अभिमानाने सांगतो, "अजून इंजिन खोललेलं नाही!" हे कसं शक्य होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. कारण ते समजलं की देखभालीची अर्धी पुस्तिका आपोआप पाठ होते.

१४ डिसेंबर १९८३ ला गुडगावात पहिल्या ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तिचं इंजिन म्हणजे ६८.५ मिलिमीटर व्यासाची तीन सिलिंडर, एकूण ७९६ घनसेंटिमीटर जागा, सहा व्हॉल्व्ह, एक कॅमशाफ्ट. सुरुवातीला कार्ब्युरेटर, पुढे फ्युएल इंजेक्शन. ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्याही थोडी आतच. आजची एक लिटरची टर्बो इंजिनं शंभर हॉर्सपॉवर देतात. टर्बोमध्ये एक पंखा हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. आपलं साधं इंजिन मात्र स्वतःच्या श्वासावर चालतं. पिस्टन खाली येताना बाहेरची हवा जेवढी आत येईल तेवढीच. म्हणून घाटात ते दमतं. महाबळेश्वर १,३५३ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण ८५ टक्केच उरतो आणि पिकअप त्याच प्रमाणात घटतो. पण हाच उणेपणा इंजिनाच्या आयुष्यात भर घालतो. आत कमी हवा, म्हणून कमी इंधन, कमी दाब, कमी उष्णता. बेअरिंग, रिंगा, गॅस्केट या सगळ्यांवरचा भार हलका राहतो. मिनिटाला लाखावर फेरे घेणारा, लालबुंद तापणारा टर्बोचा पंखाही त्यात नसतो.

तरी इंजिन टिकण्याचं खरं श्रेय मी तेलालाच देईन.

१८८३ साली लंडनच्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेसाठी बीचम टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं. आस फिरू लागल्यावर तेल खाली जाण्याऐवजी त्याच भोकातून वर येऊ लागलं. त्याने लाकडी खुंटी ठोकली, तर तेलाने तीही बाहेर ढकलली. दाबमापक लावल्यावर उलगडा झाला. फिरणारा आस तेलाला स्वतःच्या आणि बेअरिंगच्या मधल्या निमुळत्या फटीत ओढून नेत होता आणि तिथे एवढा दाब तयार होत होता, की आसावरचा सगळा भार तेलच उचलून धरत होतं. धातूला धातू टेकतच नव्हता. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने या घटनेचं गणित मांडलं आणि आजही बेअरिंगची रचना त्याच समीकरणावरून होते.

आपल्या गाडीचा क्रँकशाफ्ट नेमका असाच, तेलावर तरंगत फिरतो. तो थर काही मायक्रॉनांचा असतो. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड, त्याच्या एक-दशांश इतका हा पापुद्रा. शाफ्ट फिरत असेपर्यंत तो टिकतो, थांबला की दाबला जाऊन बाहेर जातो.

पिस्टनच्या रिंगांचं दुखणं याहून अवघड. दर फेऱ्यात पिस्टन वरच्या आणि खालच्या टोकाला क्षणभर थांबतो आणि वेग शून्य झाला की पापुद्रा विरतो. वरच्या टोकाला तर नेमक्या त्याच वेळी स्फोटाचा दाब आणि सगळ्यात जास्त उष्णता असते. म्हणून सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही, तिथेच जास्त झिजतो. जुना मेकॅनिक हेड काढल्यावर सिलिंडरच्या आत वरच्या कडेजवळ नख फिरवून बघतो. नख अडकलं तर तिथे पायरी पडली आहे आणि बोअर-पिस्टनचं काम निघणार. मायक्रोमीटर हातात घेण्याआधीच त्याचं नख निदान करतं, आणि त्या निदानावर माझा विश्वास आहे.

झिजेचा मोठा वाटा सकाळी इंजिन सुरू करताना पडतो. रात्रभरात तेल खाली उतरलेलं असतं, पंपाला ते पुन्हा वर पोचवायला काही क्षण लागतात. तेवढ्या वेळात जोरात रेस करणं म्हणजे कोरड्या धातूवर धातू घासणं. उभ्या गाडीत दहा मिनिटं इंजिन गरम करत बसायचीही गरज नाही. अर्ध्या मिनिटाने निघावं आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळुवार चालवावं.

आता एक गोष्ट, जी ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधल्या हायड्रोजनचं हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून होणारं हे पाणी एरवी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. पण इंजिन थंड असेल तर त्यातली थोडी वाफ रिंगांच्या बाजूने खाली उतरते, थंड धातूवर पुन्हा पाणी होते आणि तेलात मिसळते. न जळलेलं थोडं पेट्रोलही तसंच तेलात उतरतं. लांबच्या प्रवासात तेल तापलं की हे दोन्ही उडून जातात. रोज फक्त दीड किलोमीटरवर भाजी आणायला जाणाऱ्या गाडीचं तेल कधी तापतच नाही. अशा गाडीच्या ऑइल कॅपच्या आत दुधट, सायीसारखा थर दिसतो. 'फक्त आठ हजार किलोमीटर चाललेली, एकहाती गाडी' म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने आधी ते झाकण उघडून पाहावं. पुस्तिकेत तेल बदलण्यासाठी किलोमीटरबरोबर महिनेही लिहिलेले असतात, ते याचसाठी.

या संदर्भात आपल्याकडच्या एका प्रथेबद्दल कळकळीने सांगायचं आहे. गाडी गरम होते म्हटलं की काही गॅरेजवाले थर्मोस्टॅट काढून टाकतात. हा छोटा व्हॉल्व्ह साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो आणि तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन लवकर तापतं. तो काढला की पावसाळ्यात आणि थंडीत इंजिन कायम कोमटच राहतं. तेलात पाणी, पेट्रोलचा जास्त खप, लवकर झीज, सगळं त्यातून येतं. बिघडलेला थर्मोस्टॅट बदलावा, भोक रिकामं ठेवू नये.

"आपल्याकडे कुठे पाणी गोठतं, मग कूलंट कशाला?" हा प्रश्नही नेहमीचा. गोठणं रोखणं हे कूलंटचं एक काम झालं. आतला धातू गंजू न देणं आणि उकळणं लांबवणं ही त्याची आपल्या उन्हाळ्यातली कामं. आपल्या काळ्या पाषाणातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते पाणी रेडिएटरमध्ये ओतत राहिलं की घरातल्या गीझरसारखाच इंजिनाच्या नळ्यांत पांढरा थर बसतो, आणि तो उष्णता बाहेर जाऊ देत नाही. मग एप्रिलमधल्या एखाद्या चढावर काटा लालवर जातो. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. एकदा प्रमाणाबाहेर तापलं की हेड वाकतं, गॅस्केट उडतं, मग हेड फेस करून आणण्याचा खर्च. काटा चढताच गाडी थांबवणाऱ्याचं इंजिन वाचतं, 'पुढच्या गावापर्यंत नेऊ' म्हणणाऱ्याचं जातं.

धुळीचाही हिशेब आहे. एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे ९,००० लिटर हवा लागते. मातीच्या रस्त्यावर त्या हवेत सिलिकाचे कण असतात, आणि ते सिलिंडरच्या ओतीव लोखंडापेक्षाही कडक. त्यांच्या आणि पापुद्र्याच्या मध्ये एक कागदी एअर फिल्टर एवढंच संरक्षण. तो भरला की बदलावा, फाटका कधीच चालवू नये.

तेल कोणतं घालावं यावर गॅरेजमध्ये वाद रंगतात. '२०डब्ल्यू-४०' या जाड तेलावर वाढलेल्या पिढीला नव्या गाड्यांचं पातळ '०डब्ल्यू-२०' पाण्यासारखं वाटतं. पण ज्या इंजिनाच्या फटी पातळ तेलासाठी बेतलेल्या आहेत, तिथे जाड तेल थंडीत उशिरा पोचतं. जुन्या इंजिनात अति पातळ तेल घालणंही तितकंच चुकीचं. पुस्तिका सांगते तेच घालावं.

टायमिंग बेल्ट रबराचा असेल तर तो तुटण्याची वाट पाहू नये, सांगितलेल्या अंतरावर बदलावा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते सोसेलच असं नाही, म्हणून जुन्या गाडीच्या इंधनाच्या रबरी नळ्या वर्षातून एकदा तपासून घ्याव्यात.

येत्या रविवारी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, ती सपाट जागी उभी असताना बॉनेट उघडा. डिपस्टिक काढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून काढा. तेल दोन खुणांच्या मध्ये आहे का, ते पाहा. इंजिन थंड आहे तोवर कूलंटच्या बाटलीतली पातळीही बघून घ्या. दोन मिनिटं लागतील.