लंडनचे बिऱ्हाड आणि इंटरनेटची तार



कामगार चळवळीतला माणूस या व्यासपीठावर आला की तो पगार आणि बोनस यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही विषय घेतला आहे तो परदेशी घरात इंटरनेट कसे घ्यावे याचा. ज्या कारखान्यांच्या फाटकांवर आम्ही सभा घेतल्या, तेथल्या कामगारांच्या मुली आता परिचारिका होऊन लंडनच्या इस्पितळांत जात आहेत, मुले संगणकाच्या कामावर जात आहेत. जाण्यापूर्वी ही मंडळी भाडे विचारतात, थंडीचे कपडे विचारतात. इंटरनेटचे मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून सोडून देतात. तिथे गेल्यावर घाईत सही होते आणि ती सही दोन वर्षे मानगुटीवर बसते. करारनामा वाचणे हा आमचा धंदाच असल्यामुळे या विषयात आम्ही डोके घातले.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. ब्रिटनमध्ये परदेशी माणसाच्या हाती निवासाचे जे प्लास्टिकचे कार्ड असे, ती पद्धत २०२४ अखेर मोडीत निघाली. आता त्याचा राहण्याचा व काम करण्याचा हक्क सरकारी संकेतस्थळावर नोंदलेला असतो. तेथून मिळणारा सांकेतिक क्रमांक मालकाला द्यावा तेव्हा नोकरी, आणि इंग्लंडात घरमालकाला द्यावा तेव्हा घर. बँक, डॉक्टरची वेळ, मुलाच्या शाळेचा अर्ज, सगळे त्याच वाटेने जाते. रात्रपाळी करून आलेल्या मुलीला आईचा चेहरा दिसतो तोही त्याच वाटेने.

आता ही तार कोणाची ते पाहू. ब्रिटनमध्ये टेलिफोन हे पोस्टखात्याचे काम होते. १९८१ साली ते वेगळे काढून ब्रिटिश टेलिकॉमकडे दिले आणि १९८४ साली तिचे निम्म्याहून अधिक भाग सरकारने बाजारात विकले. तारांचे जाळे मात्र एकच राहिले. एकाच्या हाती सगळ्या तारा असल्यावर दुसऱ्याने धंदा कसा करावा, या भांडणातून २००६ साली ‘ओपनरीच’ ही शाखा निघाली. तिने खांब, नळ्या व तारा सांभाळायच्या आणि सर्व विक्रेत्यांना सारख्याच अटींवर द्यायच्या. पुढे ती कायद्याने वेगळी कंपनी झाली, तरी मालकी बीटी समूहाचीच आहे.

याचा अर्थ असा, की बीटी, स्काय, टॉकटॉक, प्लसनेट अशा पाट्या निरनिराळ्या असल्या तरी पुष्कळ घरांत खालची तार एकच असते. तारच जुनी असेल तर पाटी बदलून वेग वाढत नाही; बिलाचा आकडा आणि फोन उचलणारा माणूस तेवढा बदलतो. याखेरीज व्हर्जिन मीडियाचे स्वतःचे वेगळे जाळे आहे. लंडनमध्ये हायपरऑप्टिक आणि कम्युनिटी फायबर या कंपन्यांनीही आपापले फायबर टाकले असून हायपरऑप्टिकचा भर मोठ्या इमारतींवर आहे. म्हणून एकाच रस्त्यावरच्या दोन घरांची गोष्ट वेगळी असू शकते. शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबू नये. घराचा पिनकोड आणि पूर्ण पत्ता घालून पाहावे. ऑफकॉम या सरकारी नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर ही सोय फुकट आहे. घर पाहायला जाण्यापूर्वीच हे काम करावे.

तारेचे प्रकार ढोबळमानाने तीन. पहिल्यात रस्त्याकडेच्या हिरव्या पेटीपर्यंत फायबर आणि तेथून घरापर्यंत जुनी तांब्याची तार. यात वेग फार तर ८० मेगाबिटपर्यंत जातो आणि पेटी जितकी दूर तितका तो घटतो. दुसऱ्यात फायबर थेट घरात येते. वेग हजार मेगाबिट आणि त्याहूनही वर जातो. व्हर्जिनच्या जुन्या भागांत शेवटचा तुकडा टीव्हीच्या केबलचा असतो, तरी तीही वेगवान आहे. तिसरा प्रकार बिनतारी. मोबाईल कंपनीचा राऊटर विजेच्या खटक्याला लावला की काम सुरू. कारागीर नको, घरमालकाची परवानगी नको. पण विटांच्या जाड भिंतींत लहर दुबळी होते. तो खिडकीशी ठेवून पाहावा लागतो.

वेग किती हवा? एक चांगला स्पष्ट चित्रपट पाहायला सुमारे ५ मेगाबिट पुरतात. दोघे घरून काम करीत आहेत, मूल अभ्यास करते आहे आणि टीव्ही चालू आहे, अशा घरालाही ५० ते १०० मेगाबिट पुष्कळ झाले. हजार मेगाबिट घेणे म्हणजे चौघांच्या स्वयंपाकाला लग्नाचे पातेले चढविणे होय.

शिवाय जाहिरातीतल्या आकड्याचा अर्थ समजून घ्यावा. तेथे मे २०१८ पासून असा नियम आहे की रात्री ८ ते १० या गर्दीच्या वेळी निदान निम्म्या गिऱ्हाइकांना मिळतो तोच वेग जाहिरातीत सरासरी म्हणून सांगावा. म्हणजे उरलेल्या निम्म्यांत आपण असू शकतो! यासाठी सही करण्यापूर्वी ‘आमच्या पत्त्याला किमान हमी किती?’ हे विचारून ते लेखी घ्यावे. ऑफकॉमची संहिता मान्य केलेल्या कंपन्यांना, वेग हमीखाली गेला आणि ३० दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर गिऱ्हाइकाला दंडाशिवाय सोडावे लागते.

आता मुख्य गोष्ट, मुदतीची. आपल्याकडे केबलवाल्याला बोलवावे, एक किंवा तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरावे, पटले नाही तर पुढे भरू नये, अशी रीत. तेथे करार असतो, बहुधा १२, १८ किंवा २४ महिन्यांचा. मध्येच सोडल्यास उरलेल्या महिन्यांच्या हिशेबाने पैसे मागतात. उलट, इंग्लंडच्या २०२५ च्या भाडेकरू हक्क कायद्याने खासगी घरांचे ठरावीक मुदतीचे भाडेकरार मोडीत काढून, १ मे २०२६ पासून भाडेकरूने दोन महिन्यांची नोटीस देऊन घर सोडावे असे ठरविले. म्हणजे घर दोन महिन्यांत सुटते, पण तार दोन वर्षे सुटत नाही! नव्याने आलेला माणूस पहिल्या वर्षात एकदा तरी घर बदलतोच. खोली लहान पडते, इस्पितळ दूर पडते, कुटुंब मागून येते. नव्या पत्त्यावर ती कंपनी पोचत नसली, तरी पुष्कळ करारांत दंड चुकत नाही. ज्या करारात मालक केव्हाही मोकळा आणि कामगार मात्र बांधलेला, असा करार आमच्या युनियनपुढे आला तर आम्ही त्यावर सही करणार नाही. येथेही तोच न्याय लावावा.

गिऱ्हाइकाच्या बाजूचे नियमही आहेत, ते माहीत हवेत. १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांत दरवाढ महागाईच्या टक्क्यांशी जोडता येत नाही. ती केव्हा आणि किती पौंडांनी होणार हे आधीच लिहावे लागते. फोनवर किंवा संकेतस्थळावरून केलेला करार १४ दिवसांत रद्द करता येतो, मात्र तोवरच्या वापराचे पैसे द्यावे लागतात. १२ सप्टेंबर २०२४ पासून कंपनी बदलताना फक्त नव्या कंपनीला सांगितले की पुरते. बंद पडलेली तार पूर्ण दोन कामाच्या दिवसांनंतरही सुरू झाली नाही, किंवा कारागीर ठरल्या वेळी आला नाही, तर भरपाई मागावी न लागता मिळावी, अशी योजना एप्रिल २०१९ पासून आहे. त्या वर्षी चुकलेल्या भेटीचे २५ पौंड ठरले होते. रक्कम पुढे वाढत गेली. ही योजना ऐच्छिक आहे, तेव्हा आपली कंपनी तीत आहे का ते विचारावे. पाळी बुडवून कारागिराची वाट पाहणाऱ्याला या प्रश्नाची किंमत कळते.

दोन अडचणी मात्र खास परक्या माणसाच्या. कंपन्या करारापूर्वी उधारीचा इतिहास तपासतात. नव्या माणसाने कोणाचे बुडविलेले नसते हे खरे, पण फेडल्याचीही नोंद नसते! दुसरी, गरिबांसाठीचा स्वस्त दर. तो बहुतेक ठिकाणी युनिव्हर्सल क्रेडिटसारख्या सरकारी साहाय्यावर अवलंबून असतो, आणि कामाच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर आलेल्या बहुतेकांना ते साहाय्य घेण्याची मनाई असते. त्या जाहिरातीवर आशा ठेवू नये.

तेव्हा क्रम असा ठेवावा. उतरल्याबरोबर आगाऊ पैशांचे सिमकार्ड घ्यावे आणि पहिला महिना मोबाईलवरच काढावा. खोली भाड्याने घेताना इंटरनेट भाड्यात धरले आहे का, हे भाडेपत्रात लिहून घ्यावे. स्वतंत्र घर घेतले तर आधीची तार भिंतीत आहे का ते पाहावे. असेल तर काम पुष्कळदा कारागिराविना होते. नवे फायबर आणायचे असल्यास भिंतीला भोक पाडण्यापूर्वी घरमालकाची लेखी संमती घ्यावी. पहिल्या वर्षी, चार पौंड जास्त पडले तरी, महिन्याच्या बोलीवरचा करार किंवा बिनतारी राऊटर पत्करावा. घर स्थिर झाले म्हणजे मग लांब मुदतीचा स्वस्त करार खुशाल करावा. तांब्याच्या तारेवर मात्र लांब करार टाळावा. जुने टेलिफोन जाळे बंद करण्याची मुदत २०२५ वरून जानेवारी २०२७ वर नेली आहे, आणि तांब्याच्या तारेचे दिवस भरत आले आहेत.

शेवटी एक सांगायचे आहे. २०२२ च्या जुलैत बीटी आणि ओपनरीचच्या सुमारे ४० हजार कामगारांनी पगारवाढीसाठी संप केला. १९८७ नंतरचा तो तेथला पहिला देशव्यापी संप. तुमच्या मुलीच्या दारात खांबावर चढणारा माणूस यांपैकीच एक असेल. दर ठरविणारा तो नव्हे, करार लिहिणाराही तो नव्हे. तेव्हा तक्रार करायची ती कंपनीकडे, लेखी करावी. त्या माणसाला चहा विचारावा. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.